डाव्या बाजूचा दांडा

"बस... बस म्हटलं ना!" रायनी म्हणाला, पण व्हर्नापर्यंत ते पोचलंच नाही. ती जॅकचं हँडल गरागरा फिरवत राहिली आणि ट्रेलरच्या नाकाबरोबर पिकअपची शेपटीही वर वर जात राहिली. शेवटी त्यानं पिकअपच्या पत्र्यावर थाप मारली, तेव्हा ती थांबली.

"एवढं कशाला वर नेलंस?"

"तू थांब म्हणालास कुठं?"

"म्हणालो."

"मग मोठ्यानं म्हणायचं," ती बोलून गेली आणि बोलल्याबरोबर ओठ मुडपून हँडल उलटं फिरवायला लागली.

मोठ्यानं म्हणणं ही गोष्ट रायनहोल्ड हेस्लरला एकेकाळी मुद्दाम करावी लागत नसे. स्कॉट्सब्लफच्या बीटसाखरेच्या कारखान्यात त्यानं उभा जन्म फिटर म्हणून काढला. हंगाम सुरू झाला की बीट कापणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात माणसं खाणाखुणांनी बोलायची. रायनी मात्र वरच्या फळीवरून हाक मारायचा आणि खाली पंपाजवळचा माणूस मान वर करायचा. पुढं हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. मग पाय अडखळायला लागले. आणि मग आवाज गेला. मुका झाला असं नाही. बोलायचा सगळं, पण जिवाच्या आकांतानं ओरडला तरी बाहेर यायची ती कुजबुज. लोक आधी "काय?" म्हणायचे, मग पुन्हा "काय?" म्हणायचे, आणि मग नुसतं हसून मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याचा त्याला सर्वांत जास्त राग यायचा.

वसंतात डॉक्टरांनी गाडी चालवणंही बंद केलं. तरी या उन्हाळ्यात पाइनडेलच्या तळ्यावर जायचं, हे व्हर्नानंच ठरवलं. दरवर्षी दोघं हा राहायच्या सोयीचा ट्रेलर ओढत तिथं जायची. मुलगी जोलीन लहान होती तेव्हापासूनचा नेम तो.

"मी चालवीन," ती म्हणाली होती. शाळेच्या भटारखान्यात शेकडो पोरांना जेवू घालून निवृत्त झालेली बाई. तिला कशाची भीती म्हणून वाटायची नाही. जत्रेच्या रिकाम्या मैदानावर तिनं ट्रेलर जोडून फेऱ्या मारल्या, मागे घ्यायला शिकली, एक कचऱ्याचं पिंप आडवं केलं, आणि तयार झाली.

जोलीनला हे अजिबात पसंत नव्हतं. ती फोर्ट कॉलिन्सला राहायची, दातांच्या दवाखान्याचं काम बघायची. फोनवर तिचं एकच पालुपद. "मॉम, डॅडसाठी इथं एक चांगला वृद्धनिवास आहे. नर्स असतात, सगळं असतं. तू माझ्याकडं राहा, रोज जाऊन भेट त्यांना. हे असं तुम्हाला दोघांना जमणार नाही आता."

"जमतंय," व्हर्ना म्हणायची. "तळ्यावरून आलो की बोलू."

म्हणजे या वेळचं तळं नुसतं तळं नव्हतं. नीट जाऊन नीट परत यायचं होतं.

कुंपणापलीकडं गिल्बर्ट आर्चुलेटा टोमॅटोंना पाणी घालत होता. कारखान्यात रायनीच्याच पाळीत होता तो. त्यानं नळी खाली टाकली आणि कुंपणावर कोपरं टेकली.

"काय रे हेस्लर! बायकोला राबायला लावून स्वतः मुकादम झालास होय?"

रायनीनं हात उडवला.

"येऊ का हात द्यायला? दांडे मी ओढून देतो. दोन मिनिटांचं काम."

"ये ना," व्हर्ना म्हणाली. पण रायनीनं तिच्याकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. कंपानं मान आधीच हलत असते त्याची, पण ही हालचाल वेगळी होती. ती गिल्बर्टलाही कळली. "बरं बाबा, चालू द्या तुमचं," म्हणून त्यानं पुन्हा नळी उचलली.

ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागच्या गोळ्यावर बसलं की पिकअपची शेपटी दबते आणि तोंड वर होतं. पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग पोकळ लागतं, वाऱ्याच्या झोतासरशी मागचं धूड शेपटी हलवायला लागतं. त्यासाठी ही भार वाटून देणारी जोडणी, हिच म्हणतात ती. दोन लांब पोलादी दांडे, एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यांची मागची टोकं साखळीनं वर ताणून ट्रेलरच्या चौकटीवरच्या खटक्यात बसवायची. मग मागे पडलेलं वजन त्या दांड्यांवाटे पुढच्या चाकांवर जातं आणि दोन्ही गाड्या एका पातळीत येतात. खटका बसला की त्यातून बोटाएवढी पिन सारायची, म्हणजे रस्त्यातल्या धक्क्यांनी तो उघडत नाही. एवढंच. पण एवढं नसेल, तर रस्त्यावर आपण गाडी नेत नसतो, गाडी आपल्याला नेत असते.

उजवा दांडा व्हर्नानं लावला. रायनी बोटानं दाखवत होता: साखळीची ही कडी, ही नाही, ती. तिनं लोखंडी नळी खटक्यात घातली, दात आवळून ओढली, खटका टक्कन वर बसला. पिन घातली. "हुश्श," करत तिनं कपाळ पुसलं आणि डावीकडं निघाली.

"डावा मी लावतो," रायनी म्हणाला.

तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण तो तिच्या वाटेत उभा होता. ती क्षणभर थांबली. "बरं. मी चाकांखालचे ठोकळे काढते," म्हणून पलीकडं गेली.

त्यानं नळी घातली, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. खटका बसला. तो आवाज ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की वाकलेल्या कमरेनं तो तसाच जरा उभा राहिला. मग पिन घेतली. भोक समोर होतं, पिन हातात होती, आणि दोन्ही एका जागी येईनात. सकाळच्या गोळीचा अंमल अजून चढायचा होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. पिन खडीत पडली. उचलली. परत पडली.

"झालं का रे? पिन घातलीस?" पलीकडून व्हर्ना.

तो खाली बसलेला होता. ट्रेलरच्या आडून त्याला तिचे बूट दिसत होते. गिल्बर्टच्या नळीचं पाणी ऐकू येत होतं. खटका घट्ट आहे, त्याच्या मनात आलं, साखळीच्या ताणानंच धरलाय. लॅरामीला पेट्रोल घ्यायला थांबू, तोवर हात थांबलेले असतील. तेव्हा घालीन.

"घातली," तो म्हणाला, आणि नेमकं तेवढं तिला ऐकू गेलं.

पिन त्यानं पिकअपमधल्या हत्यारांच्या पेटीत टाकली.

*

लॅरामीला हात खरंच थांबले होते. व्हर्ना छान चालवत होती. डोंगराचा चढ तिनं न घाबरता काढला, वाटेत एका बैलासारख्या अंगाच्या ट्रकवाल्याला हातही केला. पेट्रोल भरून ती मागच्या बाजूला गेली. रायनीनं ट्रेलरसाठी लावलेल्या लांब आरशात बघितलं. ती जोडणीकडं चालली होती. बघितलं तिनं तर बरंच होईल, त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, नको, बघायला नको.

तिनं आरशाकडं पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. आणि ती वळली, दुकानाकडं चालती झाली.

आता ती कॉफी घेऊन येईपर्यंत वेळ होता. त्यानं दार उघडलं. पेटी मागेच होती, पिन वरच पडलेली असणार. उजवा पाय खाली टाकायचा, मग डावा. पाय उचलायला त्यानं मनाशी हुकूम दिला, आणि पाय जागचा हलला नाही. हे हल्ली व्हायचं. तळवा जमिनीला खिळ्यानं ठोकल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा वेळी मनात मोजा, गाणं म्हणा, पुढं एक रेघ आहे असं समजा. त्यानं तसं समजून बघितलं. शेजारच्या पंपावर एका बाईनं गाडीत पेट्रोल भरलं, काच पुसली, ती निघून गेली. दार उघडं आणि रायनी बसलेला, एक पाय अर्धा बाहेर.

"अरे, कुठं निघालास? मुतायला?" व्हर्ना दोन पेले घेऊन उभी होती.

"पिन," तो म्हणाला.

त्या मोकळ्या पठारावर वारा असा होता की तिची टोपी उडायला बघत होती. ती धरताना कॉफी सांडली. "अरे देवा! आत घे पाय, आत घे. मुतायला रॉलिन्सला थांबू, नाहीतर मध्ये विश्रांतीची जागा आहे. आता वारा वाढायच्या आत निघू या." तिनं त्याचा पाय उचलून आत ठेवला, दार लावलं, पट्टा बांधला.

तो पुन्हा म्हणाला. पण ती तोवर पुढून वळसा घालत होती.

गाडी सुरू झाल्यावर त्यानं तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. हे त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण कॉफी गरम होती, व्हर्नाचा चेहरा खुलला होता, खटका घट्ट होता. आणि इतका वेळ गेल्यावर आता सांगायचं म्हणजे "घातली" हे खोटं होतं, हेही सांगायचं.

*

एल्क माउंटनच्या अलीकडं वारा डावीकडून यायला लागला. तिथं तो नेहमीच असतो. रस्त्याच्या कडेची गवतं सगळी एकाच दिशेला झोपलेली. मोठा ट्रक ओलांडून पुढं गेला की वारा क्षणभर थांबायचा आणि मग थपडेसारखा बसायचा. व्हर्ना दोन्ही हातांनी चाक धरून बसली होती.

रायनीला आधी आवाज आला. बारीक, मागून, डावीकडून. लोखंडावर लोखंड वाजल्याचा टणत्कार आणि मग खर्रर असं घासणं. आयुष्यभर यंत्रांच्या पोटाला कान लावलेला माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. खटका उघडला होता. डावा दांडा खाली लोंबून रस्त्यावर घासत होता.

"व्हर्ना, वेग कमी कर. हळू. ब्रेक नको, नुसता पाय काढ."

वारा काचांतून शिट्ट्या घालत होता. ती पुढं बघत होती.

"व्हर्ना!"

त्यानं काचेखालच्या फळीवर हात आपटला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो हात पाहिला. असे ते हात रोज हलायचे. ताटावर, खुर्चीच्या दांडीवर, रात्री उशीवर. तिनं आपला उजवा हात चाकावरून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. मायेनं दाबून धरला, थांबवण्यासाठी, नेहमी धरायची तसा.

"रॉलिन्सला पोचलोच आता," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारून ट्रक गेला.

ट्रेलरनं आधी हळूच शेपटी हलवली. मग दुसऱ्या बाजूला, जास्त. मग पिकअपचं तोंडच त्याच्यामागं जायला लागलं. "अगं आई गं," व्हर्ना म्हणाली आणि हात परत चाकावर नेला. काय करायचं ते रायनीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या गुडघ्यापाशी छोटी कळ होती, फक्त ट्रेलरचे ब्रेक लागण्याची. ती दाबली की मागचं धूड मागे ओढलं जातं आणि सरळ येतं. त्यानं हात पुढं केला. हात निघाला आणि मध्येच, पेल्यांच्या खाचेपाशी, राहिला. "कळ," तो म्हणाला. "कळ दाब. पायाचा ब्रेक नको." तो ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. त्याचा त्यालाही आवाज ऐकू येत नव्हता.

व्हर्नानं ब्रेक दाबला. कुणीही दाबला असता.

मग सगळं फिरलं. आभाळ, गवत, ट्रेलरची पांढरी भिंत अशी एकामागून एक काचेसमोरून गेली. मोठा आवाज झाला, आणि पिकअप दोन रस्त्यांमधल्या गवतात उलट्या दिशेला तोंड करून, चार चाकांवर, उभी राहिली. ट्रेलर तुटून थोड्या अंतरावर कुशीवर पडला होता. त्याचं छत केळीच्या सालीसारखं सुटलं होतं.

"रायनी! रायनी, लागलंय का तुला?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. तिच्या भुवईवरून रक्त येत होतं. तिनं त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून, गुडघ्यांवरून हात फिरवून बघितलं, आणि मग दोन्ही हात मांडीत ठेवून मोठ्यानं रडायला लागली. "माझ्या हातून झालं रे. मी ब्रेक मारला. माझ्याच हातून झालं."

"नाही," तो म्हणाला. "नाही. नाही."

ती रडत होती.

*

बाहेर त्यांचा संसार गवतात पसरला होता. गोधड्या, चहाची भांडी, पत्त्यांचा डाव, आजारामुळं घेतलेली रायनीची उंच बैठकीची खुर्ची. प्रवासासाठी व्हर्नानं कोबी आणि खिमा भरलेले पाव भाजून डब्यात घातले होते; ते वाऱ्यानं दूरवर गडगडत गेले होते. पलीकडच्या टेकाडावरून हरणांचा एक कळप मान वर करून बघत होता.

महामार्गाचा पोलीस आला. जोलीनपेक्षाही लहान असेल. टोपी एका हातानं दाबून धरलेली. स्वभावानं चांगला होता. त्यानं दोघांना आपल्या गाडीत बसवलं, व्हर्नाच्या भुवईला पट्टी लावली. मग जाऊन ट्रेलरचं नाक बघून आला आणि व्हर्नाच्या बाजूच्या खिडकीशी वाकला.

"मॅडम, हिच कुणी लावली होती?"

"मी," व्हर्ना म्हणाली.

"दोन्ही बाजू?"

"हो. दोन्ही."

रायनीनं तिच्याकडं वळून पाहिलं. ती सरळ समोर पाहत होती. पट्टीतून रक्त पाझरायला लागलं होतं.

"डाव्या खटक्यात पिनच नाहीये, मॅडम. तुटलेली नाही, घातलेलीच नाही. उजवीकडं आहे बघा, व्यवस्थित." तो रागावून बोलत नव्हता, शाळेत शिकवल्यासारखं सांगत होता. "या पट्ट्यात वाऱ्यानं रिकामे ट्रक आडवे होतात. असं धूड घेऊन निघायचं तर निघण्यापूर्वी दोनदा बघायचं. आणि झुलायला लागलं तर पायाचा ब्रेक कधीच मारायचा नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. चुकलं माझं."

"मी," रायनी म्हणाला. "डावा मी लावला."

पोलिसानं त्याच्याकडं पाहिलं. "सर, काय म्हणालात?"

"डावा... मी..."

"डावा हात दुखतोय का तुमचा?" तो व्हर्नाकडं वळला. "मॅडम, यांना दवाखान्यात तपासून घ्यायला हवं. बोलणं असंच असतं का यांचं, की आत्ता झालंय?"

"असंच असतं," व्हर्ना म्हणाली.

"बरं. सर, तुम्ही शांत बसा. काळजी करू नका. सगळं आम्ही बघतो." त्यानं खिडकीतून हात घालून रायनीच्या खांद्यावर थोपटलं, आणि हसून मान डोलवली.

*

रॉलिन्सच्या दवाखान्यात काही मोडलं नसल्याचं कळलं. जवळच्या मोटेलात खोली मिळाली. जोलीन दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होती. खिडकीबाहेर उन्हं उतरत होती. व्हर्नानं रायनीचे बूट काढले, गोळी दिली, आणि त्याच्याशेजारी पलंगावर टेकली. खोलीत वाऱ्याचा आवाज नव्हता. इथं रायनीचं बोलणं ऐकू येत होतं.

"पिन मी घातली नव्हती," तो म्हणाला. "हात थांबेना. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तू 'घातली' म्हणालास ना, तेव्हाच." तिनं गोधडीचा दोरा ओढला. "असं तू खोटं सांगतानाच बोलतोस. ओव्हन दुरुस्त केला नव्हतास तेव्हा असं बोलला होतास. लॅरामीला बघायलाच गेले होते मी."

"मग बघितलं का नाहीस?"

"तू आरशातून बघत होतास."

बाहेर कुणीतरी बर्फाच्या यंत्रातून बादलीत खडखड बर्फ काढत होतं.

"मला वाटलं, एक बाजू तरी तुझी राहू दे," ती म्हणाली. "रॉलिन्सला थांबलो की गुपचूप घालीन. आणि गाडीत तू फळीवर हात आपटत होतास तो..." तिचा आवाज फुटला. "तो तसा आपटत होतास होय? मला वाटलं, नेहमीचं."

त्यानं तिचा हात धरला. त्याचा हात हलत होता म्हणून तिचाही हलत होता.

"पोलिसाला सांगू या," तो म्हणाला. "उद्या जाऊ. तुझं नाव लागलंय."

"कशाला? कुणी मेलंय का? आणि हे बघ," ती त्याच्याकडं वळली, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "जोलीनला यातलं काही कळायला नको. कळलं तर ती तुला उद्याच्या उद्या त्या ठिकाणी नेऊन ठेवील. म्हणेल, यांना हातात काही द्यायची सोय नाही. माझं चुकलं म्हटलं तर चार दिवस रागावेल आणि विसरेल. माझ्यावर रागवायची सवय आहे तिला. कळलं?"

"कळलं."

"शपथ?"

तो काही बोलला नाही. ती तेच 'हो' समजली.

*

जोलीन आली ती आधी दोघांच्या गळ्यात पडून रडली. मग ट्रेलर पडून होता त्या गोदामाच्या आवारात गेली. घ्यायचं ते सामान काढलं. पिकअप तिथंच ठेवायची होती. व्हर्ना पुढं बसली, रायनीला पाठीमागं उशा लावून बसवलं. गाडी रस्त्याला लागली, आणि एल्क माउंटनपाशी रस्त्याच्या मधल्या गवतात तो काळा चरा दिसला, तेव्हा जोलीनचा रडवेपणा संपला.

"इथं? इथं झालं?"

"हो."

"मॉम, तू वेडी झालीयस का? खरंच विचारतेय. ज्या बाईनं जन्मात कधी ट्रेलर ओढला नाही, ती या वाऱ्यात, आजारी माणसाला शेजारी बसवून... एक पिन घालायची, एक! तेवढंही बघता आलं नाही तुला?"

"चुकलं माझं," व्हर्ना म्हणाली.

"चुकलं म्हणजे? मारलं असतंस तू डॅडना! त्यांना पळता येत नाही, ओरडता येत नाही, ते तुझ्या जिवावर बसलेत. आणि तू? तुला हौस! सगळं मला जमतं, कुणाची मदत नको. आयुष्यभर हेच. गिल्बर्टला हाक मारली असती तर काय हात झिजले असते?"

"नाही झिजले असते."

"आता ऐकणारेस तरी का माझं?"

व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती. तिच्या भुवईवरची पट्टी, खाली मानेवर आलेली पांढरी बट, आणि ती सोसून बसल्यासारखी झुकलेली मान मागून रायनीला दिसत होती. कारखान्यातल्या पाळीत कुणी कुणाच्या चुकीचं खापर आपल्यावर घेतलं, तर चूक करणाऱ्यानं संध्याकाळी ते सांगून टाकायचं, असा अलिखित कायदा होता. तो पुढं सरकला. पट्ट्यानं मागं ओढलं, तरी सरकला. दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि सगळं बळ गळ्यात आणलं.

"पिन," तो म्हणाला. "पिन... मी..."

जोलीननं आरशात बघितलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "काय हवंय, डॅड? पाणी? पाणी हवंय?"

रायनीनं जोरजोरानं मान हलवली, नाही, नाही. पण मान हलतच असते त्याची.

"मॉम, काय म्हणतायत ते?"

व्हर्ना मागे वळली. तिला ऐकू आलं होतं. त्याच्या ओठांकडं बघून त्याचं सगळं बोलणं कळणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि ती त्याच्याकडं बघत होती. तिच्या नजरेत विनवणी होती, आणि धाकही होता.

"पाणीच मागतोय," ती म्हणाली.

तिनं पायापाशी ठेवलेली बाटली उचलली, झाकण उघडलं, आत नळी घातली, आणि दोन खुर्च्यांमधून हात मागे करून ती त्याच्या तोंडाशी धरली. बाहेर वारा होता, गाडी किंचित हलत होती. तिचा हात मात्र स्थिर होता. रायनी तिच्याकडं बघत राहिला.

मग त्यानं नळी ओठांत घेतली आणि पाणी प्यायला लागला.